दोराला लागलेले हात

बाबा, आज रविवार आहे, घरात कोणी नाही. मुलं माहीमला मावशीकडे गेलीत आणि मी बोईसरच्या या स्वयंपाकघरात भात शिजत ठेवून तुला पत्र लिहायला बसले आहे. तू गेलास तेव्हा मी कॉलेजात होते. नंतर मला इथल्याच एका कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, आणि गेल्या उन्हाळ्यात कंपनीने मला मशीन शिकायला जपानला पाठवलं. तिथली एक संध्याकाळ तुला सांगायची राहून गेली आहे.

पण आधी आपला किनारा. पावसाच्या आधी होड्या वर ओढायचा दिवस. वाळूत ओंडके टाकलेत, होडीला जाड दोर बांधलाय आणि पुरुष दोन रांगांत उभे आहेत. मी पाण्याची कळशी घेऊन आले आहे. कळशी खाली ठेवून मी दोराला हात लावते तशी चुलत आजोबा म्हणतात, "ए पोरी, बाजूला हो. बायकांचं काम नाय ते." तू सगळ्यांत पुढे. मागे वळून न बघता म्हणतोस, "राहू दे तिला. हात हायेत ना?" आणि लगेच मला, "लोकांकडं काय बघतेस? दोराकडं बघ." मग तू 'हय्या हो' म्हणतोस आणि सगळी रांग तुझ्यामागून तेच म्हणते.

जपानमध्ये मला पहिले काही आठवडे काहीच जमलं नाही. भाषा येत नव्हती. जेवणात मासे असायचे, पण आपले नव्हे. एका शुक्रवारी माझ्या हातून मशीनचा एक भाग उलटा बसला आणि साहेब मला सगळ्यांसमोर बोलले. खोलीवर येऊन मी नवऱ्याला फोन केला आणि परत येते म्हणाले. तो म्हणाला, "ये. कोण काय बोलणार नाही तुला." त्याने अडवलं नाही म्हणून मला जास्तच रडू आलं. सोमवारी साहेबांना सांगायचं असं ठरवून मी झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्याच विभागात काम करणारी एक बाई दारात आली. तिच्या हातात निळा आखूड डगला होता. मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "आमच्या आळीचा रथ निघतोय. तरुण मुलं सगळी शहरात गेली. ओढायला माणसं कमी आहेत, चल." तो डगला अंगात चढवला आणि तिच्यामागून गेले. रथ म्हणजे दोन मजली लाकडी घरच, बाबा. अंगभर कोरीव काम, चारी बाजूंनी पेटलेले कागदी कंदील, वरच्या मजल्यावर बासरी वाजवणाऱ्या मुली आणि समोर लांबच लांब दोर. हा दोरही आपल्या दोरासारखाच हाताला टोचत होता. सगळे 'योइशो, योइशो' म्हणत ओढत होते.

देवळाच्या चढावर रथ अडला. पुढून आवाज देणाऱ्या म्हाताऱ्याचा घसा पार बसला होता. सगळे गप्प, दोर ताणलेला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने 'हय्या हो' निघालं. मागे कोणीतरी हसलं. मग त्या म्हाताऱ्याने मान डोलावून मला खूण केली, पुन्हा म्हण. मी म्हणाले. या खेपेला सगळी रांग म्हणाली, वेड्यावाकड्या उच्चारांत. रथ माझ्यामुळे हलला असं नाही, मागून आणखी माणसं येऊन लागली होती. पण हलला, आणि चढ चढून देवळाच्या अंगणात गेला.

तिथे मधोमध मचाणावर ढोल वाजत होता आणि भोवती गोल करून लोक नाचत होते. आपल्याकडे जोरात नाचतात, इथे सगळं सावकाश. दोन पावलं पुढे, एक मागे, हात असे हलवायचे की जणू कोणाला जवळ बोलावतोय. मी पुढच्या आजीचे हात बघत चुकत चुकत नाचले. मला घेऊन आलेल्या बाईची सासू मला काहीतरी म्हणाली आणि बाईने ते इंग्रजीत समजावून सांगितलं, "या दिवसांत आमची गेलेली माणसं घरी येतात. त्यांच्यासाठी हा नाच. तुझं कोण आलंय?" मी म्हणाले, "वडील." सासूने वडिलांसाठी म्हणून माझ्या शेजारची थोडी जागा मोकळी करायला लावली आणि आम्ही पुन्हा नाचायला लागलो.

सोमवारी मी साहेबांकडे गेले, ते फक्त तो भाग कसा बसवायचा हे पुन्हा विचारायला. त्यांनी दोनदा करून दाखवलं. मी प्रशिक्षण पुरं करून आले, आता इथल्या मुलींना तेच मशीन शिकवते. त्यांच्यावर ओरडत नाही, म्हणजे फारसं नाही.

भात झाला आहे, उठायला हवं. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा एकच गोष्ट सांगून टाकते. त्या सासूबाईंना मी वडील म्हणाले खरी, पण विचारलं म्हणून म्हणाले. त्या संध्याकाळी तुझी आठवण मला आलीच नव्हती, बाबा. शेजारची ती मोकळी जागासुद्धा मी विसरले आणि नाचता नाचता दोनदा तिच्यात शिरले. मी नुसती खूश होते.