पंख्याच्या रजिस्टरला इंट लावल्याबद्दल

तीर्थरूप मामांना,

नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला दामटून फिरायला नेते म्हणे; कुरकुर न करता जात जा. माझी तब्येत ठीक, म्हणजे जेवण जातं, झोप लागते, फक्त जगण्यात राम उरलेला नाही.

झालं असं. निवृत्त होताना तुम्ही शीतखोलीची यंत्रं चालवणारा ड्रायव्हर प्रोग्राम माझ्या गळ्यात घातलात (प्रेमानेच, ठाऊक आहे). तिथल्या चिपमध्ये आकडे ठेवायचे चार कप्पे, म्हणजे रजिस्टरं, एकाला एक चिकटून: पंखा, दिवा, कुलूप, घंटा. प्रत्येकाला जागा आठच बिटांची. पण पंख्याचा वेग लिहिणाऱ्या ओळीत आकड्याचा टाइप होता इंट, चांगला बत्तीस बिटांचा. वेग पंख्यात गेला आणि मागची शून्यं शेजारच्या तिघांत सांडली. पंखा सुटला, दिवा गेला, कुलूप लागलं, घंटा मुकी झाली. एवढ्याने काही आभाळ कोसळत नाही. पण आत नेमके साहेब खोकी मोजत होते (अर्ध्या बाह्यांच्या शर्टात). पाऊण तासाने पहार लावून दार उघडलं, तेव्हा त्यांच्या मिशीवर बर्फ होता. आणि मी, घाबरून, त्यांना पाणी हवंय का विचारलं.

आता चौकशी बसली आहे. माझी नेमणूक अजून कायम झालेली नाही. चूक माझी ठरली तर सोमवारपासून घरी. म्हणून मी सांगून टाकलं, ओळ जुनी आहे, मामांची आहे. (साहेबांना कोड वाचता येत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.)

तुमचा अभागी,
भाचा

ता. क. साहेबांचा फोन आला तर नुसतं हो म्हणा. तुम्ही निवृत्त, तुमचं कोण काय वाकडं करणार?

ता. क. २. खरं सांगतो. तुमच्या ओळीत आठ बिटांचाच टाइप होता. फाइलभर इंट असताना तो एकटाच डोळ्यांत खुपत होता, म्हणून मी बदलला. शेजारी तुमची टीप होती: 'भाच्या, हा रुंद करू नकोस, शेजारचं पुसलं जाईल.' तीही मीच काढली.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच कळलं, साहेबांनी तुम्हाला सकाळीच फोन केला होता. ओळ न बघताच तुम्ही म्हणालात, माझीच चूक, पोराला बोलू नका. ऑफिसच्या जिन्याजवळचा तुमचा फोटो त्यांनी दुपारी उतरवला. मामा, मला फार लाज वाटते. फोटो घेऊन मी आता साहेबांकडे निघालोय. सोमवारपासून मोकळाच आहे. तुम्हाला फिरायला मी नेईन, असं मामीला सांगा.