डाव्या कानाचे थेंब

दि. १६ मार्च

कॅशिअरसाहेबांच्या पत्नीस,
सप्रेम नमस्कार.

आपली प्रत्यक्ष ओळख नाही. तुमच्या यजमानांच्या बँकेत माझे अकरा वर्षे खाते आहे. त्या शनिवारी दरोडेखोरांनी साहेबांबरोबर ज्या बाईला गाडीत कोंबले, ती मी. तुमच्यावर एवढा डोंगर कोसळलेला असताना तुम्ही माझा पत्ता शोधून ‘काकू, तुम्ही तरी सुखरूप आहात ना?’ असे विचारलेत. ते पत्र मी देवापुढे ठेवले.

मी बरी आहे. गुडघा खरचटला होता, तो भरून आला. शेजारच्या बायका येऊन ‘देवानेच वाचवले’ म्हणतात आणि चहा पिऊन जातात.

काय घडले ते मी पोलिसांना सांगितले आहे. माझे वय बघून दरोडेखोरांनी मला तासाभराने पेट्रोल पंपावर उतरवले. तिथून पुढे पोलिसांची गाडी मागे लागली, त्यांची गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली आणि साहेब गेले, हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कळले.

ते शेवटचे काही बोलले का, असे तुम्ही विचारता. इंजिनाचा आवाज फार होता. मला नीट ऐकू आले नाही.

स्वतःला आणि मुलीला जपा.

आपली नम्र,
बँकेतील खातेदार


दि. २८ मार्च

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

‘मला अगंतुगंच म्हणा, काकू’ असे तू हट्टाने लिहिलेस, म्हणून हे धाडस. तुझे पत्र आले तेव्हा मी डाळ निवडत होते. वाचता वाचता निवडलेले खडे पुन्हा डाळीत पडले.

बँकेची चौकशी असे वळण घेईल असे वाटले नव्हते. पकडलेला तो चष्मेवाला दरोडेखोर म्हणतो, ‘कॅशिअर आमचाच माणूस, त्यानेच आम्हाला आत घेतले.’ त्यात पंपावरच्या कॅमेऱ्यात साहेब आपणहून खाली उतरलेले, मला माझी पिशवी देऊन आपणहून परत गाडीत बसलेले दिसतात. शाळेत पोरीला ‘चोराची मुलगी’ म्हणाले, हे वाचून ताट बाजूला सारले.

एक गोष्ट मी मागच्या पत्रात लिहिली नाही. चोरांना त्यांनी आत घेतले नाही. त्यांनी मला आत घेतले.

त्या दिवशी अर्धा दिवस होता. मी काम उरकून बसथांब्यापर्यंत गेले आणि आठवले, साहेबांनी सही करायला माझे पेन घेतले ते त्यांच्याकडेच राहिले. साधे निळे पेन. दुसरी असती तर म्हणाली असती, जाऊ दे, सोमवारी बघू. मी परत गेले. शटर अर्धे खाली आले होते. मी वाकून हाक मारली, तर हसून म्हणाले, “बाई, तुमचं पेन मी तिजोरीतच ठेवणार होतो!” आणि माझ्यासाठी त्यांनी शटर वर केले. माझ्या पाठोपाठच तो चष्मेवाला आणि एक टकल्या, असे दोघे शिरले.

टकल्याने खण उपसला तर आत नाणी आणि शिक्के. रोकड दुपारीच मुख्य कचेरीत गेलेली. तो चष्मेवाल्यावर उखडला, “अरे, सकाळी यायचं ठरलेलं, तुला कोण सांगतं झोपायला!” तेवढ्यात धोक्याची घंटा वाजली, लोक जमले, आणि हाताला लागलो त्या आम्हा दोघांना ओढून ते पळाले.

शटरचे मी पोलिसांना सांगितले नव्हते. लाज वाटली. आता काल जाऊन सांगून आले. फौजदार म्हणाले, “ठीक आहे बाई, पण तो परत गाडीत का बसला?” मी म्हटले, मला ठाऊक नाही.

पोरीचा कान दुखतो म्हणतेस. माझा जुना स्वेटर उसवून कानटोपी विणली आहे, सोबत पाठवते. लोकर धुतलेली आहे.

तुझी,
काकू


दि. १९ एप्रिल

ताई,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवले आणि उचलले. तो अधिकार मला नाही. हे पत्र शेवटपर्यंत वाचा, एवढेच मागते.

कानटोपी पोरीला बसली, हे तुम्ही कौतुकाने लिहिलेत आणि खाली विचारलेत, “काकू, डाव्या बाजूला दुहेरी लोकर कशी घातलीत? मी पत्रात डावा-उजवा लिहिलंच नव्हतं. त्यांनी सांगितलं का? कधी?”

मी लिहिले, ‘हो, एकदा बँकेच्या खिडकीवर सांगितले होते.’ पाकीट चिकटवले, तिकीट लावले. मग तिकीट सोडवून घेतले आणि पत्र फाडले. विणताना माझ्याच हातांनी माझी चुगली केली होती.

कान दुखतो, एवढेच ते खिडकीवर बोलले होते. डावा, हे त्यांनी गाडीत सांगितले.

आम्ही मागच्या बाकावर होतो. मी आत खिडकीशी, तिकडचे दार उघडत नव्हते; साहेब दाराशी. चष्मेवाला पुढच्या बाकावर मागे वळून पिस्तूल रोखून बसलेला, टकल्या गाडी हाकत होता. तासाभराने टकल्या म्हणाला, “दोन दोन माणसं कशाला वागवतोस? वऱ्हाड आहे का? एक उतरव.” पंप दिसल्यावर चष्मेवाल्याने विचारले, “लहान पोरं कुणाला आहेत?”

साहेबांनी तोंड उघडले होते. मी पाहिले होते ते. त्यांच्या आधी मी बोलले.

“मला. दोन आहेत. धाकटी चार वर्षांची.”

ताई, आम्हाला मूलबाळ नाही. एकोणतीस वर्षे झाली लग्नाला. चार वर्षांची मुलगी तुमची. त्यांच्या खिडकीच्या काचेला तिने काढलेले चित्र लावले होते, तिथून मी ती उचलली.

चष्मेवाला हसला. “या वयात? नात म्हण की, आजीबाई!”

मी म्हटले, “उशिरा झाली. आजारी असते. कान दुखतो तिचा.”

“कुठला कान?”

  कुठलाही एक सांगायचा, तेही सुचेना.

तेव्हा साहेब म्हणाले, “डावा. सारखं सांगत असतात खिडकीवर.”

माझे सगळे कागद त्यांनीच भरलेले. वारस म्हणून मी पुतण्याचे नाव लावले, तेव्हा त्यांनी हळूच विचारले होते, “मुलं नाहीत का, बाई?” त्यांना पुरते ठाऊक होते.

“आणि तुला रे?” चष्मेवाल्याने विचारले.

“मला कुणी नाही,” ते म्हणाले.

मला बाहेर पडायचे तर आधी त्यांना उतरणे भाग होते, म्हणून ते उतरले. चष्मेवाल्याने बजावले होते, “बाई उतरली की निमूट परत बस. नाही बसलास तर हिच्या पाठीत गोळी घालीन.” कॅमेऱ्याला पिस्तूल दिसले नाही, धमकी ऐकू आली नाही. टकल्या तर पुलावरच गेला; ते का बसले, हे जगात आता दोघांनाच ठाऊक आहे. त्यातला एक तो चष्मेवाला.

आणि इंजिनाचा आवाज फार नव्हता. पिशवी हातात देताना ते सावकाश, एकेक शब्द तोडून म्हणाले, “घरी गेल्यावर पोरीच्या कानात थेंब घालायला विसरू नका. दोनच. बाटली आधी तळहातात धरून कोमट करा, नाही तर रडते ती.” माझ्या डोळ्यांत बघून म्हणाले. चोराला वाटले, बाईलाच सांगतोय.

तो निरोप तुमचा होता. तुम्ही विचारलेत आणि दोन्ही पत्रांत मी तो गिळला, कारण तो दिला तर ते माझ्या घरच्या पोरीबद्दल का बोलले, हेही सांगावे लागले असते. तुम्ही लिहिले होते, त्या धांदलीत आठवडाभर थेंब राहूनच गेले आणि कान चिघळला. तेही माझ्याकडे लागते.

लोक म्हणतात, देवाने वाचवले. त्या गाडीत मी देवाचा धावा केला हे खरे. पण ‘मला सोडव’ म्हणाले, ‘आम्हाला’ म्हणाले नाही. तेव्हापासून जपमाळ हातात घेते आणि तशीच खाली ठेवते.

परवा मी यांना सांगितले. आमचे हे शिंपीकाम करतात. पाय मशीनवरच थांबला. म्हणाले, “तू काय बंदूक धरली होतीस का? जीव वाचवायला माणूस काहीही बोलतं. आता कुणाला सांगत सुटू नकोस. जबाब फिरवला म्हणून तुलाच आत घालतील.”

मी म्हटले, “घालू देत. त्या पोरीला चोराची मुलगी म्हणतात.”

मग बराच वेळ ते सुईत दोरा ओवत बसले. दोरा काही जाईना.

“दोन आहेत म्हणालीस?”

“हो.”

“थोरला मुलगा का?”

 त्यांनी मशीनवर कापड टाकले, चपला घातल्या आणि म्हणाले, “चल. फौजदार जेवायला जायच्या आत गाठू.”

तर ताई, काल मी नवा जबाब दिला आहे. फौजदार आधी भडकले. “बाई, कितव्यांदा बदलणार? आता याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?” मी म्हटले, “माझ्यावर ठेवूच नका. चष्मेवाल्याला विचारा, उतरलेल्या बाईच्या पोरीचा कुठला कान दुखतो. मग माझ्या घरी येऊन पोर शोधा.”  त्यांनी शिपायाला हाक मारून तुरुंगाच्या नावे पत्र लिहायला बसवले.

येत्या शुक्रवारी तुमची बँकेत चौकशी आहे. तोवर उत्तर येईल की नाही, सांगता येत नाही. म्हणून जबाबाची नक्कल सोबत ठेवली आहे. तिच्यावर सही केली आहे आणि अंगठाही उठवला आहे. मॅट्रिक झालेल्या बाईला अंगठ्याची गरज नसते, पण उद्या धीर सुटून ‘सही माझी नव्हे’ म्हणायची वाट मी स्वतःला ठेवली नाही. हे पत्रसुद्धा त्यांच्यापुढे टाका. मी दाराबाहेरच्या बाकावर दहा वाजल्यापासून बसलेली असेन. बोलावले तर आत येईन. तुम्ही तोंड फिरवलेत तर ते बरोबरच असेल.

हे सगळे मी त्याच निळ्या पेनाने लिहिले आहे. पंपावर पिशवी उघडली तेव्हा ते आत होते. त्या गडबडीत त्यांनी ते कधी टाकले, मला कळले नाही. तुमच्या घरात ते नको, म्हणून पाठवत नाही.

थेंब दोनच घालायचे. बाटली आधी तळहातात धरून कोमट करायची. निरोप पोचवायला त्रेचाळीस दिवस उशीर झाला.

जी उतरली,
ती