गोळी बदलली त्या रोवण्यात

माय, सध्या मी आरमोरीलाच, आपल्या घरी आहे. वरच्या खोलीत लॅपटॉप लावून हैदराबादच्या कंपनीचं काम करते. हे काम काय, ते तुला कधी नीट सांगितलंच नाही. तू बायांना सांगायचीस, "पोरगी औषधाच्या कंपनीत हाय," आणि त्या मला गुडघेदुखीवरची गोळी विचारायच्या.

ते रोवण्याचे, भातलावणीचे दिवस. फिटच्या गोळ्यांवर तू कितीतरी वर्षं नीट होतीस. मग दवाखान्यातून दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली आणि त्याच आठवड्यात तू बांधीत, भाताच्या चिखलपाण्यात, तोंडावर पडलीस. काकूने केस धरून तुझं तोंड पाण्याबाहेर काढलं. मी शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी आहे, तुझ्या नाकातोंडातून चिखल गळतोय आणि काकू ओरडतेय, "कुशीवर करा तिले, कुशीवर!" दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "औषध तेच आहे बाई, फक्त कंपनी वेगळी." तू म्हणालीस, "तेच हाय त मंग मी काऊन पडली?" त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. त्यानंतर तू बांधीत कधी उतरली नाहीस.

तो प्रश्न आता माझी नोकरी आहे. नवी गोळी जुनीइतकीच रक्तात उतरते का, हे आधी थोड्या निरोगी माणसांवर बघतात. स्पष्ट कळलं नाही तर आणखी माणसं घेऊन दुसरा टप्पा करतात. पण दोनदा बघितलं की वाईट गोळीलाही पास व्हायची संधी दोनदा मिळते. म्हणून पास करायचा नियम नेहमीपेक्षा कडक ठेवतात. तो पुरतो का हे बघायला मी कॉम्प्युटरवर मुद्दाम एक नापास गोळी बनवते आणि तिची चाचणी लाखो वेळा करून बघते. शंभरात पाचाहून जास्त वेळा ती निसटली, तर नियम ढिला. मग चांगली गोळी घेऊन तेच. ती उगाच किती वेळा अडकते ते बघायचं. नियम आवळला की वाईट निसटत नाही, पण चांगल्याही जास्त अडकतात.

गेल्या वर्षी फिटच्याच एका स्वस्त गोळीचा पहिला टप्पा अधांतरी राहिला. साहेबांचा फोन आला, "कडक नियम बाजूला ठेवा, दुसऱ्या टप्प्याला साधाच लावू." मी करून बघितलं. नापास गोळी हद्दीपेक्षा जास्त वेळा पास होत होती.

"अहो मॅडम, थोडंच तर जास्त आहे."

"थोडंच आहे सर, पण जास्त आहे."

शेवटी आधी ठरलेला नियमच राहिला आणि दुसऱ्या टप्प्यात गोळी नापास झाली. साहेब बरेच दिवस कामापुरतंच बोलले. तुझ्याबद्दल मी त्यांना काही सांगितलं नाही.

ती गोळी चांगलीही असेल, माय. कुणाला तरी परवडली असती. आणि एका माणसाच्या एका पडण्यावरून गोळीबद्दल काहीच सिद्ध होत नाही. त्या आठवड्यात तुझी झोप झाली नव्हती, सकाळपासून पोटात काही नव्हतं. डॉक्टरांचं बरोबरही असेल. तू असतीस तर हे मी तुला कधीच सांगितलं नसतं.