ताटात पडलेली किल्ली

६ ऑक्टो.
शाळेतून आले तर दारावर जप्तीची नोटीस, खळ अजून ओली. शेजारचे मोठ्यानं वाचत होते. म्हटलं, वाचा, पाठ करा, उद्या विचारीन. आत येऊन रडले.
मागे दादा लाच घेताना सापडला तेव्हाच हे म्हणाले होते, आपल्या घरावर येणार. मी भांडले. चऱ्होलीचं हे राहतं घर माझ्या नावावर, दादाचा काय संबंध?
संबंध एवढाच की तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला ओवाळणी म्हणून त्यानंच ताटात किल्ली टाकली. कागदांवर तो दाखवील तिथं सह्या केल्या. एक ओळ वाचली नाही.

८ ऑक्टो.
वकिलांचा पहिला प्रश्न: पैसे कुठून आणले, भावाला विचारलंत का? ओवाळणीची किंमत कोण विचारतं?
दादासारख्या सरकारी कारकुनाच्या पगारात रो-हाउस बसत नाही. सातवीची पोरं सोडवतील असं गणित. मला सुटलं नाही. खरं तर मी सोडवायलाच घेतलं नाही.
पैसा काळा ठरला तर घर सरकारजमा. चोवीसला पुण्यात लाचलुचपत खात्यापुढे माझा जबाब.

१२ ऑक्टो.
कुरुळीला गेले, माहेरी. दादा म्हणाला, "जबाबात एवढंच सांग, बापाच्या जमिनीतला तुझा वाटा आमी घेतला, त्याचे पैशे दिले, त्यातनं तू घर घेतलं. कोन न्हाई म्हननार हाय?"
किल्लीचा अर्थ मीही मनात तोच लावला होता. आई गेल्यावर हक्कसोडपत्र करून दिलं, भावाकडे वाटा मागणारी बहीण व्हायचं नव्हतं. वाटलं, त्यानं जाण ठेवली.

१३ ऑक्टो.
हक्कसोडपत्र काढून बघितलं. 'विनामोबदला, राजीखुशीने.' खाली माझी ठसठशीत सही. वाटा फुकट दिला हे मीच लिहून बसलेय! वकील म्हणाले, आता पैसे मिळाले म्हणालात तर खोटा जबाब, तुम्हीही अडकाल.
दादाला फोन. म्हटलं, मग माझा वाटाच परत दे.
"ती जमीन कवाच गेली गोदामाला. तुला सांगितलं न्हाई व्हय?"
नाही सांगितलं. चीड आली, त्याच्यापेक्षा स्वतःची जास्त.

१९ ऑक्टो.
हे सेकंड शिफ्टला निघताना म्हणाले, "घर जाऊ दे, तू खरं बोल." ह्यांचं काय जातंय बोलायला, दादा माझा आहे. खरं बोलले तर त्याची केस मीच पक्की करणार.

२३ ऑक्टो. भाऊबीज
येणार नाही वाटलं होतं. आला. ओवाळताना कुंकू त्याच्या नाकावर सांडलं. "दमानं गं," म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं. बरं वाटलं, काय करू.
मग त्यानं ताटात घडी घातलेला कागद टाकला. उद्याचा माझा जबाब, त्याच वाट्याच्या पैशांचा, टाइप करून आणलेला. सहीपुरती जागा मोकळी.
जेवला, श्रीखंड दोनदा मागून घेतलं, गेला.
उद्या अकराला पुण्यात हजर व्हायचंय. कागद या वेळी वाचला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत. परत ताटात ठेवलाय. ताट अजून उचललेलं नाही.