आत्याच्या हाताची उंची

५ सप्टेंबर १९८६
तान्हा पोळा. मारुतीसमोर पोरं लाकडी नंदी घेऊन रांगेत. मी नुसती पाहत होते. श्यामराव पाटील खाऊ वाटत आले, माझ्याही हातात बुंदीचा पुडा ठेवला — "नंदी कुठी हाय तुया?" अठरा वर्षांची आहे मी! पुडा शेळीला घातला.

६ सप्टेंबर
सत्यभामा आत्याला सांगितलं तर हसली. साखरेच्या आजारानं तिचे डोळे गेले तेव्हा मी दहाची होते. अजूनही तिचा हात न चाचपडता बरोबर माझ्या डोक्यावर पडतो. "बाकी सारे वाढले, त्यायचे नुसते आवाज रायले. तू मले तेवढीच दिसते." हे ऐकून बरंही वाटतं, रागही येतो.

१९ सप्टेंबर
नागपूर. रक्त चढवलं. माझं रक्त जन्मापासूनच टिकत नाही. दुसऱ्यांच्या रक्तातलं लोह अंगात साठून मलाही साखर झाली, म्हणून आज डोळ्यांत थेंब घालून तपासलं. पडदा स्वच्छ!

डॉक्टर म्हणाले, "उंची वाढवणारं द्रव्य तुझ्यात फार कमी आहे. साखरेत डोळे बिघडायला तेही हातभार लावतं, असं काहींना वाटतं. खात्री कोणालाच नाही." मग म्हणाले, त्याच द्रव्याचं इंजेक्शन आता मिळवता येतं. विचार करून सांग.

थेंबांमुळे येताना सगळं विरघळलेलं. कारध्याच्या पुलावरून वैनगंगा दिसलीच नाही, नुसता उजेड. आंधळं होणं असं असेल तर चालेल, वाटलं. आत्याला विचारलं.

"उजेड नसते, माय," म्हणाली.

२० सप्टेंबर
बाबा — "वाढन तं सोयरीक बी जमन." आई — "अन् डोळे गेले तं?"

११ ऑक्टोबर
स्वप्नात धानाच्या बांधीत उभी होते. लोंब्या कमरेला लागत होत्या. खऱ्या बांधीत छातीला लागतात. उठल्यावरही बराच वेळ पाय लांब वाटत होते.

१२ ऑक्टोबर
हो म्हटलं.

१४ जून १९८७
फ्रॉक आखूड झाला! डोळ्याच्या पडद्यावर एक बारीक ठिपका सापडला. इंजेक्शनानं की साखरेनं, सांगता येत नाही म्हणाले. थांबवायचं का, विचारलं. मी नको म्हटलं. भीती वाटतेच आहे.

२ ऑक्टोबर
सकाळी आत्याला पाणी द्यायला गेले. तिचा हात नेहमीसारखा आला आणि माझ्या कपाळावर आपटला. वाढले मी! ओरडून सांगणारच होते. आत्यानं हात मागे घेतला.

"कोन व्हय वो?"