माझ्या आवाजातले फोन

१४ एप्रिल, नळदुर्ग
लागली बाई एकदाची नोकरी! साहेबांच्या निवडणुकीचं प्रचार ऑफिस, हायवेवर, ढाब्याच्या वरच्या मजल्यावर. तिथले मुख्य कृष्णराज सर म्हणाले, आवाज लई गोड आहे तुझा. मतदार यादी समोर घ्यायची आणि एकेकाला नात्यानं हाक मारून रेकॉर्ड करायचं. ह्या मामी, ते तात्या. पुढचं सगळं मशीन बोलणार, समोरच्याला उत्तरंही देणार, माझ्याच आवाजात. तामलवाडीची यादी आली तेव्हा तर मी सुटलेच. आमचंच गाव! कुणाचं कुणाशी बांधावरून वाजतं, कोण कशानं चिडतं, सगळं भरून दिलं. अव्वाला कळवलं, तुझी पोरगी आता घराघरात बोलणार. तिनं गल्लीत पेढे वाटले.

२२ एप्रिल
अव्वा म्हणते, दिवसातून तीनदा फोन करतेस, एकटीला बरं वाटतं. मी आठवड्यात एकदाच केलाय.

२५ एप्रिल
नुसता संताप झालाय. गिरणीवाल्या बलभीमकाकांकडं गावानं दळण टाकायचं बंद केलं. का, तर म्हणे शिवांजलीनं, म्हणजे मी, घरोघर फोन करून सांगितलं, काका फितूर झालेत, तुमचं रेशन बंद पाडायला निघालेत. ज्या माणसानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली! सरांना जाब विचारला. हसले. म्हणाले, योजना सांगितल्या की लोक फोन ठेवतात, शेजाऱ्याचं वाईट सांगितलं की शेवटपर्यंत ऐकतात. मशीन तेच शिकतं. जीभ झडो म्हणावं, तर त्या मेल्या मशीनला जीभच नाही. नोकरी सरांच्या तोंडावर फेकून आले.

२८ एप्रिल, तामलवाडी
गिरणी फोडली. काकांचं डोकं फुटलं, सोलापूरला नेलंय. चावडीवर बोंबलून सांगितलं, मी असलं काही बोलले नाही. शेजारची सिताबाई म्हणाली, तुझा आवाज बसलाय, फोनवर कशी नीट बोलतेस. माझ्याच गावात मला —

२९ एप्रिल
अव्वाचा फोन आपटून फोडला. ती सिताबाईचा घेऊन आली. तो कानाला लावून माझ्याकडं बघत हं हं करते. मला ताट वाढलं नाही.

२९, दुपार
खोलीला बाहेरून कडी. ओसरीत फोन स्पीकरवर — माझाच आवाज. सांगतोय, घरातली पोरगी खोटी, विरोधकांनी माझं तोंड देऊन पाठवलीय.

अंगणात माणसं. काठ्या. मी ओरडतेय, अव्वा, मी तुझी अंजी गं! ती रडतेय. पण विचारतेय फोनला — लेकरा, मग हिचं काय करू —

फोन म्हणतोय, कडी काढ अव्वा, आणि तू बाजूला हो, बाकीचं हे लोक —