पॉइंट गेले, गाडी राहिली

तीर्थस्वरूप दादास धाकटीचा नमस्कार.

नमस्कार वाकून केला आहे असं धरून चाल. सध्या मला वाकता येत नाही, कारण गेले चार दिवस मी वाकूनच होते, आणि ते का, हे सांगायलाच हे पत्र आहे. तुझी तब्येत बरी असेल, वहिनीचा खोकला गेला असेल (गेला नसेल तर तिनं पंख्याखाली झोपणं बंद करावं, हे मी मागच्या पत्रातही लिहिलं होतं, पण माझं कोण ऐकतंय). इकडे सगळे मजेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन फारच छान झालं. आता तिला छताच्या कोपऱ्यातली जळमटं बसल्या जागेवरून दिसतात आणि ती मोजून दाखवते. माझं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालू आहे, म्हणजे ह्या चार दिवसांत बंद होतं, पण ते गिऱ्हाइकांना ठाऊक, तुला कशाला सांगू.

तर बाबांची गाडी. तुझं पत्र मिळालं, त्यातला हुकूमही मिळाला: गाडी दर आठवड्याला रस्त्यात बंद पडते, आईला त्रास होतो, तुम्हा दोघांना ती झेपत नाही, रविवारी सकाळी दहाला मी ठरवलेला माणूस येईल, त्याला देऊन टाका. थोरल्या भावाचं अक्षर बघून मी आधी मान डोलावली, आणि मग आईकडे बघितलं. तिनं पत्र घडी करून डब्याखाली ठेवलं आणि जेवली नाही. दादा, आई जेवली नाही की काय होतं ते तुला माहीत आहे. मी त्याच क्षणी ठरवलं की रविवारपर्यंत ही गाडी अशी सुरू करायची, की विकायला कारणच उरू नये.

दोष होता फक्त पॉइंटचा. तुला गाडीतलं काही कळत नाही (चालवता छान येते, ते वेगळं), म्हणून सांगते. डिस्ट्रिब्युटर नावाच्या त्या काळ्या डबीत दोन इवलेसे धातूचे ठिपके असतात. ते दर ठिणगीला उघडतात आणि मिटतात. सारखे उघडमीट करून ते जळतात, झिजतात, त्यांच्यातलं अंतर बिघडतं, आणि गाडी चौकात मधोमध उभी राहते. बाबा दर पंधरा दिवसांनी पॉलिश पेपरनं ते घासत बसायचे. आपले उस्ताद (तेच, कोपऱ्यावरचे मेकॅनिक, आता त्यांची मिशीसुद्धा पांढरी झाली) बाबांनंतर घासतात. मागच्या महिन्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाताना बंद पडलो तेव्हा सहा अनोळखी माणसांनी गाडी ढकलली, आणि आई आत बसून काच खाली करून कोण नीट जोर लावत नाही ते सांगत होती.

आता ह्या पॉइंटच्या जागी बसवायचा एक इलेक्ट्रॉनिक सेट मिळतो. घासायचं काही नाही, झिजायचं काही नाही. एक लोहचुंबकाची बांगडी फिरते, शेजारी एक काळी वडी असते, ती बांगडी फिरताना ओळखते आणि ठिणगी सोडायला सांगते. दोन वायरी, लाल आणि काळी. संपलं. मी तो मागवला आणि उस्तादांना दाखवला, तर त्यांनी तो तळहातावर घेऊन, कानाशी हलवून बघितला, आणि परत दिला. म्हणाले, ताई, पॉइंट मला डोळ्यांनी दिसतात, ह्याच्या आत काय चाललंय ते मला कोण सांगणार? मी म्हटलं, घड्याळाच्या आत काय चाललंय ते कुठे दिसतं? त्यावर त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून बाजूला ठेवलं आणि मी हात लावणार नाही म्हणून स्टुलावर बसले. पण बसले मात्र तिथेच. चार दिवस हलले नाहीत.

म्हणून मीच हात घातला. तीस वर्षं शिलाई मशिनं उघडते आहे, एक डबी उघडायला मला कसली भीती! आमचे हे माहितीपत्रक मोठ्यानं वाचायला उभे राहिले. (ह्यांची वाचायची पद्धत तुला माहीत आहे. 'सावधान' हा शब्द आला की हे थांबतात, माझ्याकडे बघतात, आणि तोच परिच्छेद पहिल्यापासून वाचतात. त्या पत्रकात 'सावधान' अकरा वेळा आहे.) डबीचं झाकण तडकलेलं निघालं, तेही बदलायचं ठरलं, म्हणजे प्लगच्या चारही वायरी काढणं आलं. कुठली वायर कुठे होती ते चुकू नये म्हणून मी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. दुकानात दोऱ्यांना काय तोटा? पॉइंट काढताना त्यांचा स्क्रू हातातून निसटून सरळ डबीच्या पोटात गेला. उस्तादांनी 'आता सगळं खोला' अशा अर्थाचा श्वास सोडला. मी दुकानातून सुया वेचायचं माझं लोहचुंबक आणलं, काडीला बांधलं, आत सोडलं आणि स्क्रू वर! उस्ताद स्टूल थोडं पुढे ओढून बसले.

सगळं बसवलं, चावी फिरवली, आणि असा धडाका झाला की शेजारच्या गच्चीवरची कबुतरं अजून परत आलेली नाहीत. हे पाण्याच्या बादलीत बसले. बसले म्हणजे खरंच बसले, दोघांनी हात देऊन काढावं लागलं. दोष माझा होता, कबूल करते. मी एका वायरीला निळा दोरा बांधला होता आणि दुसरीला हिरवा, आणि झाडाखाली निळा-हिरवा मला सारखाच दिसला. जी बाई लोकांच्या झंपरांना धाग्याची छटा जुळली नाही म्हणून नाकं मुरडते तिनं असं करावं! वायरी अदलाबदल केल्या, परत चावी फिरवली. आणि दादा, अर्धा फेरा! अर्ध्या फेऱ्यात गाडी सुरू! खोकणं नाही, थरथरणं नाही, माझ्या सर्वांत चांगल्या मशीनसारखी एकसारखी, सुर्रर्र. शनिवारी दुपारी मी ती एकवीस वेळा बंद केली आणि एकवीस वेळा सुरू केली. मला रडू आलं, ते मी ऑइलच्या हातानं पुसलं, आणि रात्रीपर्यंत तशीच फिरले. उस्तादांनी सायलेन्सरपुढे तळहात धरला, बराच वेळ धरला, आणि घड्याळ परत मनगटावर बांधलं.

रविवारी दहाला तुझा ग्राहक आला. कडक इस्त्री, पॉलिशचे बूट, आणि आल्याआल्या टायरला लाथ. मी मनात म्हटलं, मार लाथ, आता बघच. चावी फिरवली. गाडी नुसती घरघरली. परत फिरवली. घरघर. ठिणगीचा पत्ता नाही. ग्राहक हसला, दादा. मला आयुष्यात इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं. ह्यांनी माहितीपत्रक काढलं आणि 'सावधान'पासून सुरुवात केली. उस्ताद चक्क माझ्या बाजूनं भांडायला लागले, की काल मी स्वतः ऐकली आहे, सेट उत्तम आहे, नजर लागली असेल. मी झाकण उघडलं. आत रोटर नाही! डबीच्या मधोमध फिरणारा, ठिणगी वाटून देणारा तो तुकडाच गायब. आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून गाडीखाली शोधायला लागलो.

आई पायरीवर बसून हे सगळं बघत होती. शेवटी तिनं चष्म्याचं घर उघडलं आणि रोटर काढून माझ्या हातात ठेवला. परका माणूस गाडीजवळ येणार असेल तर आधी रोटर काढून ठेवायचा म्हणजे गाडी कुणाला पळवता येत नाही, ही बाबांची पद्धत, आणि बाबांनी ती आईला शिकवली होती. आज परका माणूस येणार होता, म्हणून तिनं सकाळी आंघोळीआधीच पुढचं झाकण उघडून काढून ठेवला. चोरी आणि विक्री ह्यांतला फरक तिच्या दृष्टीनं फारसा नव्हता. मी रोटर बसवला. अर्धा फेरा. सुर्रर्र.

आणि इथेच माझी फजिती झाली. ग्राहकाचं हसू पळालं, त्यानं बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाला, इतकी छान चालते? मग आत्ताच घेऊन जातो. म्हणजे चार दिवस खपून मी गाडी वाचवली नव्हती, विकण्याजोगी केली होती! मी आईकडे बघितलं. ती चष्म्याचं घर घट्ट धरून उभी राहिली होती. मग मात्र मी कुणाकडे बघितलं नाही. मी म्हटलं, गाडी विकायची नाही. ग्राहक म्हणाला, तुमच्या भावानं शब्द दिलाय. मी म्हटलं, भावानं दिला, गाडी मी दुरुस्त केली. चावी माझ्या हातात आहे, आणि ह्या हाताला अजून ऑइल आहे, कपडे सांभाळा. तो गेला. उस्तादांनी त्याला फाटकापर्यंत सोडलं, जरा घाईनंच.

मग मी आईला शेजारी बसवलं, हे आणि उस्ताद मागे, आणि पाण्याच्या टाकीचा तो उभा चढ, जिथे बाबा नेहमी पहिल्या गियरवर यायचे, तो मी दुसऱ्या गियरवर काढला! वर पोचल्यावर ह्यांनी आणि उस्तादांनी टाळ्या वाजवल्या. आई नुसतीच बाहेर बघत होती, भरून आलं असेल. तू रागावशील, शब्द मोडला म्हणशील. रागाव. मी जिंकले आहे आणि मला त्याचा भयंकर आनंद झाला आहे.

तुझी धाकटी

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. गाडी कागदोपत्री तुझ्या नावावर आहे. ती माझ्या नावावर करायचे कागद सोबत जोडले आहेत. तीन ठिकाणी खडूनं खूण केली आहे, तिथे सही कर आणि उलट टपाली पाठव. पाकिटावर तिकीटसुद्धा लावलं आहे, म्हणजे तुला काहीच सबब नको.

ता. क. दुसरा. वरचं सगळं आईला वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, आता माझं लिही. ती सांगते तसं लिहिते आहे:

हिच्या कागदांवर सही करू नकोस. टाकीपाशी मला भरून आलं नव्हतं, मळमळत होतं. त्या गाडीत मला पहिल्या दिवसापासून मळमळतं, तुझ्या बाबांना कधी सांगितलं नाही. मला गाडीचं काय करायचंय? पण ह्या घरात तुझ्या नावाची ती एकच वस्तू उरली आहे. ती गेली की तुला इकडे यायला कारण काय? बाबांच्या दिवसांनंतर तू आलेला नाहीस. टपालानं आलेली सही मी घेणार नाही. सही करायला ये. येताना मळमळीच्या गोळ्या आण, मी तुला घ्यायला स्टेशनवर गाडीतूनच येणार आहे.